‘प्रिफर’चा कर्ता कोण?

पांझरेच्या अलीकडच्या तीरावर, एकवीरादेवीच्या मंदिरापासून फार लांब नाही अशा एका आळीत आमचे बिऱ्हाड आहे. शेजारी एक सुशिक्षित कुटुंब राहते. त्यातील आजोबांनी धुळ्याच्या न्यायालयात एका वकिलांकडे कारकुनी करण्यात उभी हयात घालविली. त्यांचे चिरंजीव एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतात. आणि नात गेल्या उन्हाळ्यात दहावीची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. उभय घरांमध्ये देवघेव आहे, आणि तीत विरजणापासून वर्तमानपत्रापर्यंत सर्व काही येते. इंग्रजी शब्दाचा अर्थ मात्र आमच्याकडून मागितला जातो, कारण या पृष्ठांतून आम्ही शब्दांविषयी लिहितो हे त्या घरास ठाऊक आहे.

ज्येष्ठातील एका संध्याकाळी ती मुलगी हातात एक छापील कागद घेऊन आली. अकरावीच्या प्रवेशाचा तो अर्ज होता. २०२५ सालापासून हे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात एकाच केंद्रीय पद्धतीने होऊ लागले आणि विद्यार्थ्याने एकापासून दहापर्यंत महाविद्यालयांची नावे क्रमाने लिहून द्यावी असे ठरले. या क्रमास मराठीत ‘पसंतीक्रम’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘प्रेफरन्स’. दहाही रकाने तिच्या वडिलांनी आपल्या वळणदार अक्षरात भरले होते, आणि शाखा अर्थातच विज्ञानाची होती. अर्ज पाठविण्यास दोन दिवस उरले होते.

“काका,” ती म्हणाली, “प्रिफर म्हणजे आवडणे, असेच ना?”

“साधारणपणे तसेच,” आम्ही उत्तरलो.

“मग मला एक सांगा. बाबांनी लिहिलेली महाविद्यालये मला आवडत नाहीत असे नाही. पण मी ती प्रिफर करते, असे या कागदावर खरेपणाने म्हणता येईल का?”

आम्ही ‘साधारणपणे’ म्हणून गेलो होतो, त्याची आम्हांस लाज वाटली. दुसऱ्या दिवशी उत्तर देण्याचे कबूल करून आम्ही तिला वाटेस लाविले आणि कोश उघडून बसलो. त्या रात्रीच्या वाचनाचे आणि पुढच्या दोन दिवसांत जे घडले त्याचे सार आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. ‘प्रिफर’ हे क्रियापद मूळचे लॅटिन. ते फ्रेंच भाषेतून चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आले. ‘प्रे’ म्हणजे पुढे आणि ‘फेर्रे’ म्हणजे वाहून नेणे. मिळून अर्थ ‘पुढे नेऊन ठेवणे’. यातील ‘फेर्रे’ हा धातू आपल्या संस्कृत ‘भृ’ धातूचा सख्खा भाऊ आहे. ज्या ‘भृ’पासून भार, भर्ता, संभार हे शब्द झाले, त्याच कुळात ट्रान्सफर, रेफर, कॉन्फर, ऑफर ही इंग्रजी भावंडे वाढली. ‘प्रे’चेही आपल्या ‘प्र’ या उपसर्गाशी नाते आहे. तेव्हा या शब्दाच्या पोटात मुळात आवडही नाही आणि प्रीतीही नाही. दोन वस्तू समोर आहेत, त्यांतील एक हाताने उचलून दुसरीच्या पुढे ठेविली, एवढेच त्यात आहे.

हा मूळ अर्थ शेजारच्या आजोबांच्या तोंडी अद्याप जिवंत आहे. “आम्ही शेकडो अपिले प्रिफर केली,” असे ते म्हणतात, तेव्हा नात हसते. तिला वाटते, आजोबांना अपिले फार आवडत असावीत! परंतु चूक तिची आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत अपील ज्ञापनाच्या रूपाने ‘प्रिफर’ करावे असाच शब्द योजिला आहे, कारण तेथे ‘न्यायालयापुढे नेऊन ठेवणे’ हा जुना अर्थ जसाच्या तसा राहिला आहे. फिर्याद, आरोप, दावा हीही इंग्रजीत ‘प्रिफर’ केली जातात. कंपन्यांचे ‘प्रेफरन्स शेअर’ आपण अग्रहक्काचे भाग म्हणून ओळखतो. नफा वाटताना त्यांच्या धारकांस सामान्य भागधारकांच्या पुढे बसवितात. विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात मत देताना उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहावे लागतात आणि निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘पहिल्या पसंतीची मते’ हे शब्द झळकतात, तेथेही पुढे आणि मागे हाच प्रश्न असतो. पहिल्या पसंतीचा आकडा लिहिल्यावाचून ते मत वैधच ठरत नाही. पुढले आकडे लिहिणे मतदाराच्या खुषीवर असते.

आता वापराकडे वळू. आपल्या मुलांच्या, आणि खरे सांगावयाचे तर आपल्याही, इंग्रजीत या शब्दाच्या चार चुका वारंवार आढळतात.

पहिली चूक ‘दॅन’ची. आपण ‘चहापेक्षा कॉफी’ म्हणतो आणि ‘पेक्षा’ दिसले की हात ‘दॅन’कडे जातो. परंतु शुद्ध प्रयोग ‘आय प्रिफर कॉफी टू टी’ असा आहे. एक वस्तू दुसरीच्या मानाने पुढे ठेवावयाची आहे, म्हणून ‘टू’. जुन्या इंग्रजी लिखाणात याच जागी ‘बिफोर’ आणि ‘अबव्ह’ हेही येत असत, यावरून ती कल्पना स्पष्ट होते. मात्र दोन्हीकडे ‘टू’ लावलेली क्रियापदे असतील, तर मध्ये तिसरा ‘टू’ कोंबू नये. तेथे ‘रादर दॅन’ म्हणावे. ‘आय प्रिफर टू वॉक रादर दॅन वेट फॉर द बस’, म्हणजे बसची वाट पाहत बसण्यापेक्षा मी पायी जाणे पसंत करतो.

दुसरी चूक ‘मोअर’ची. ‘आय प्रिफर इट मोअर’ किंवा ‘मोअर प्रेफरेबल’ हे ‘अधिक श्रेष्ठतर’ म्हटल्यासारखे आहे. तुलना शब्दाच्या पोटातच असल्यामुळे तिला बाहेरून ठिगळ लावण्याचे कारण नाही.

तिसरी चूक काळाची. ‘आय अॅम प्रिफरिंग’ असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. पसंती ही मनाची स्थिर वृत्ती आहे. ती चालण्यासारखी अथवा जेवण्यासारखी चालू क्रिया म्हणून सांगत नाहीत. नेहमीची वृत्ती सांगावयाची तर ‘आय प्रिफर’ आणि आजच्या, या प्रसंगाच्या इच्छेपुरते बोलावयाचे तर ‘आय वुड प्रिफर’. चाळीसगावास जाताना एस. टी.पेक्षा आगगाडी बरी, असे ज्याचे सदाचे मत आहे त्याने पहिला प्रयोग करावा. आज पाऊस आहे म्हणून आगगाडीने जावे म्हणणाऱ्याने दुसरा करावा. पाहुण्यास चहा की सरबत असे विचारताना ‘वुड यू प्रिफर’ हाच सभ्य प्रयोग होय.

चौथी चूक लेखनाची. ‘प्रिफर’चा आघात शेवटल्या अवयवावर आहे, म्हणून ‘प्रिफर्ड’ लिहिताना ‘आर’ हे अक्षर दोनदा येते. ‘प्रेफरन्स’ आणि ‘प्रेफरेबल’ यांत आघात आरंभी सरकतो, म्हणून तेथे ते एकदाच लिहावे. हा एक नियम कळला की पाठांतराचा भार हलका होतो.

व्याकरण येथे संपले असते, परंतु मुलीचा प्रश्न व्याकरणापाशी संपत नव्हता. ‘प्रिफर म्हणजे आवडणे का?’ या प्रश्नाचे उत्तर आम्ही आपल्या मायबोलीत शोधू लागलो, तेव्हा ‘नाही’ असे आढळून आले. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात कर्ता कोण? क्रियापद आंब्याच्या मागे चालते. आंबा आवडतो, जिलबी आवडते, श्रीखंड आवडते. बोलणारा ‘मी’ येथे कर्ता नसून ‘मला’ होऊन बाजूस उभा असतो. आवड आपणांस होते, जशी भूक लागते, जशी झोप येते. आमच्या खानदेशातली अहिराणीही येथे ‘माले’ असेच म्हणते. आवडण्यात माणसाचा पराक्रम काही नाही, आणि म्हणून त्याची जबाबदारीही त्याच्यावर येत नाही. शिवाय आवडीला तोटा नसतो. आंबाही आवडतो, फणसही आवडतो आणि दोहोंचे भांडण नसते.

‘आय प्रिफर’ या वाक्यात मात्र ‘आय’ हा कर्ता आरंभीच उभा आहे. हे कृत्य मी केले आहे. दोन वस्तू माझ्यापुढे होत्या, कदाचित दोन्ही आवडत होत्या, आणि त्यांतील एक मी स्वतः उचलून पुढे ठेविली. दुसरी मागे राहिली, ती माझ्या हातून राहिली.

याला आपल्याकडे शब्द कोणता? सर्वांत जवळचा ‘पसंत करणे’. ‘पसंत’ हा फारसीतून आलेला आणि आता पुरता मराठी झालेला शब्द. ‘निवडणे’ हाही जवळचा, पण त्याला स्वयंपाकघराचा वास आहे. तांदूळ निवडताना आपण खडा टाकतो, भाजी निवडताना सडके पान टाकतो. ‘प्रिफर’मध्ये जे टाकले ते खडा नसते, तेही धान्यच असते. त्यामुळेच हे क्रियापद निवडण्याहून अवघड आहे. ‘पत्करणे’ हा अगदी आपला शब्द. ‘कर्ज काढण्यापेक्षा मी उपास पत्करीन’ या वाक्यात इंग्रजी ‘वुड प्रिफर’चा सारा जोर आहे आणि वर किंमत मोजण्याची तयारीही आहे.

चौथा शब्द ‘वरणे’. तो थोर आहे. ‘वृ’ म्हणजे पसंत करून घेणे. त्यापासून ‘वर’ शब्द झाला. लग्नातला वर म्हणजे वधूने ज्याची निवड केली तो, आणि देवाने दिलेला वर म्हणजे भक्ताने निवडून मागितलेली वस्तू. कठोपनिषदातला नचिकेता वयाने बालकच. यमाने त्याच्यापुढे हत्तीघोडे, संपत्ती, दीर्घायुष्य असे सर्व काही मांडले आणि आपला तिसरा वर बदलून घेण्यास परोपरीने विनविले. तरी त्या पोराने आत्मज्ञानच पुढे ठेविले. श्रेय आणि प्रेय हे दोन्ही माणसाकडे येतात, आणि शहाणा त्यांत विवेक करून श्रेय वरतो, असा बोध त्याच प्रसंगी आहे. म्हणजे ज्यांना आपण आवड आणि पसंती म्हणतो, त्यांतील भेद आपल्या पूर्वजांनी फार पूर्वीच ओळखला होता.

आणि तरीही आपल्या घरांत या क्रियापदाचा कर्ता कोण असतो? ‘वर’ या शब्दाची साक्ष काढली तर निवड वधूची. परंतु आपल्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या जे वाक्य पडले ते ‘मुलगी पसंत आहे’ हेच. पत्र मुलाकडून येई, कोणी केव्हा उलटे पत्र धाडले तर आळीत आठ दिवस चर्चा चाले. आता काळ पालटला आहे, हे खरे. तरीसुद्धा मुलांना आपण दिवसातून दहा वेळा ‘तुला काय आवडते?’ असे कौतुकाने विचारतो. आणि पुढे ठेवावयाचे काय, मागे ठेवावयाचे काय हे ठरविण्याची वेळ आली की लेखणी आपण स्वतःच्या हाती घेतो. आवडणे मुलांचे, पसंत करणे आपले, अशी ही मुकाट वाटणी आहे. तीत प्रेम नाही असे कोण म्हणेल? शेजारच्या बापाने ते दहा रकाने भरले, ते मुलीच्या भाकरीची चिंता वाहूनच. पण रकान्याच्या डोक्यावर ‘प्रेफरन्स’ छापले होते आणि खाली नाव मुलीचे होते. मुलीस बोचले ते हेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला हे सर्व सांगितले आणि विचारले, “तुला काय आवडते हे आता सांगू नकोस. तू काय पसंत करतेस, तेवढे सांग.”

“मला मराठी आणि संस्कृत आवडते, काका.”

“हे तर आवडणे झाले. वाक्यात ‘पेक्षा’ घालून सांग.”

ती गप्प झाली. वाचकहो, हा ‘पेक्षा’ मोठा मार्मिक शब्द आहे. संस्कृत ‘अपेक्षा’ शब्दापासून तो आला, आणि त्यात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू आहे. ‘गणितापेक्षा मराठी’ असे जो म्हणतो, त्याने गणिताकडे नीट पाहिलेले असावे लागते. ज्या वस्तूकडे पाहिलेच नाही तिच्यापुढे दुसरी ठेविता येत नाही; तसे करणाऱ्यास फार तर सवय असते, पसंती नसते.

या संदर्भात आम्ही तिला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची आठवण दिली. पांझरेच्या पलीकडे, धुळ्यातच, १९२६ सालच्या अखेरच्या दिवशी त्यांनी देह ठेविला. पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे स्थापन झाले, आणि त्यांनी जमविलेला मराठी धातूंचा कोश १९३७ साली प्रसिद्ध झाला. आपले संशोधन मराठीतच लिहीन, हा त्यांचा बाणा सर्वश्रुत आहे. पण तो इंग्रजी न येणाऱ्याचा बाणा नव्हता. डेक्कन कॉलेजात ते शिकले, ‘भाषांतर’ नावाचे मासिक त्यांनी चालविले, प्लेटोचे ‘रिपब्लिक’ त्यांनी मराठीत आणिले. इंग्रजीत लिहिले असते तर परदेशच्या पंडितांपर्यंत आपले म्हणणे लवकर पोहोचेल, हे त्यांच्यासारख्यास ठाऊक नसेल असे कोण म्हणेल? दोन्ही वाटा पाहून, एका वाटेवरचा लाभ सोडून त्यांनी दुसरी धरली. ज्याला एकच वाट ठाऊक आहे त्याने तीवरून चालण्याला आपण पसंती म्हणत नाही.

मुलगी उठून गेली. त्या रात्री शेजारच्या घरातला दिवा उशिरापर्यंत जळत होता. सकाळी ती, तिचे वडील आणि आजोबा असे तिघेही आमच्या ओसरीवर आले. वडिलांचा चेहरा काहीसा ओढलेला होता.

“काका, आता ‘पेक्षा’ घालून सांगते,” ती म्हणाली. “गणितापेक्षा मी भाषा पुढे ठेवते. गणित मला चांगले येते आणि ते सुटेल याचे मला वाईट वाटेल. विज्ञानाकडे गेलेल्या मैत्रिणींना लवकर नोकऱ्या लागतील, तेव्हाही कदाचित वाईट वाटेल. तरी भाषाच पुढे.”

ओसरीवर क्षणभर कोणी बोलले नाही. मग तिचे वडील आमच्याकडे वळून म्हणाले, “आपणांस खरे सांगतो, नुसते ‘आवडते’ म्हणाली असती तर मी ऐकले नसते. आवड काय, वर्षभरात बदलते. पण वाईट वाटेल हे तिने आपण होऊन सांगितले. माझे सारे आक्षेप तिनेच मोजले. आता मी काय बोलू? मत माझे बदललेले नाही. पण अर्ज तिचा आहे.”

आम्ही त्या गृहस्थांस मनोमन नमस्कार केला. मत न बदलता लेखणी दुसऱ्याच्या हाती देणे हे मत बदलून देण्यापेक्षा कठीण आहे.

आम्ही तिला एका व्यावहारिक गोष्टीची आठवण मात्र दिली. २०२५ च्या नियमांप्रमाणे पहिल्याच पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो; न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांत संधी मिळत नाही. “तेव्हा पहिल्या रकान्यात जे लिहिशील, ते मिळाले तर जाशीलच असे लिही,” आम्ही म्हणालो. नियम करणाऱ्यांच्या मनात व्यवस्थेचा विचार असेल; परंतु शब्दाच्या दृष्टीनेही तो नियम अचूक आहे. जे पुढे ठेविले ते हाती आल्यावर नाकारणारा मनुष्य पसंत करीत नव्हता, नुसते आकडे मांडीत होता.

आजोबा इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. विनोबांची ‘गीता-प्रवचने’ हे त्यांचे रोजच्या वाचनाचे पुस्तक. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सहबंद्यांपुढे ती प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, याचा त्यांस गावकरी म्हणून मोठा अभिमान आहे. ते मुलास म्हणाले, “अरे, गीतेत भगवंताने काय केले? अर्जुनास सतरा अध्याय नानापरींनी समजाविले, आणि अठराव्याच्या शेवटाकडे येऊन म्हटले, मी सांगावयाचे ते सांगितले. आता तू याचा पुरता विचार कर आणि तुझ्या इच्छेस येईल तसे कर. प्रत्यक्ष भगवंताने रकाना रिकामा ठेवला. आपण तर साधे बाप आणि आजे!”

मग नातीकडे पाहून ते हसले. “चल, दे तुझे अपील. प्रिफर झाले म्हणावयाचे.”

तिने नवा अर्ज ओसरीवर बसूनच भरला. पहिल्या रकान्यात कोणते महाविद्यालय लिहिले हे तिने आम्हांस दाखविले नाही आणि आम्हीही विचारले नाही. वडील शेजारी बसून केवळ शुद्धलेखन पाहत होते.

वाचकांच्या घरी या महिन्यात कोणी मूल असाच काही कागद घेऊन आले, तर त्याला ‘टू’ आणि ‘दॅन’ यांतील भेद अवश्य शिकवावा. पण तत्पूर्वी या क्रियापदाच्या आरंभी जो कर्ता उभा राहावयाचा आहे, त्याच्या हाती लेखणी आहे की नाही, एवढे एकदा पाहावे.